टी-34/85 चं 1/35 मॉडेल: खोका उघडल्यापासून काचेखाली ठेवेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातल्या टी-34/85 या सोव्हिएत रणगाड्याचं 1/35 प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल पूर्ण झालं. पहिल्यांदा रणगाडा करायला घेणाऱ्याला खोक्यातले शेकडो भाग बघूनच धडकी भरते. पण भाग कितीही असले तरी गाडं अडतं ते क्रमावर. काय आधी चिकटवायचं, कुठल्या रंगावर कुठला रंग बसतो, आणि बिघडलंच तर कुठपर्यंत मागे जाता येतं, एवढं माहीत असलं की मधली बहुतेक विघ्नं निस्तरता येतात. या मॉडेलमध्येही ती आली: एक भाग अर्धवट निघाला, ट्रॅकची (चाकांवरच्या साखळीपट्ट्याची) शेवटची कडी जुळेना, डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील खूण) तुटलं, एक सांधा तडकला. ती जिथे आली तिथेच सांगतो.

पहिला रणगाडा म्हणून टी-34/85 घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं, वरचा ट्रॅक पेलायला वेगळे रोलर नाहीत, बाजू तिरप्या पण सपाट, आणि बहुतेक गाड्यांना एकच हिरवा रंग. जर्मन टायगर किंवा पँथर घेतला की एकमेकांत गुंतलेली चाकं येतात, ती रंगवणं फार वेळखाऊ असतं. अमेरिकन शर्मनच्या बोगी (चाकांच्या जोड्या) सुंदर दिसतात, पण एकेका बोगीत बरेच बारके भाग असतात. टी-34/85 चं उत्पादन 1944 मध्ये सुरू झालं. गोर्की, निझनी तागील आणि ओम्स्क इथल्या कारखान्यांत तो तयार होत होता, आणि टरेटचं (तोफेच्या फिरत्या घुमटाचं) ओतकाम, चाकं, हँडलं यांत कारखान्यागणिक फरक होता. मॉडेल करणाऱ्याला याची गरज पहिल्याच दिवशी पडते. डीकलच्या कागदावरची जी गाडी निवडाल, तिच्याप्रमाणे कुठले भाग वापरायचे आणि हलला (रणगाड्याच्या धडाला) कुठे भोकं पाडायची ते ठरतं. ही भोकं आतून पाडायची असतात. हलचे वरचा आणि खालचा भाग चिकटले की आत ड्रिल जात नाही.

1/35 हे माप तसं योगायोगाने रूढ झालं. जपानच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला होता, आणि नंतर मोजल्यावर तो खऱ्याच्या साधारण 1/35 भरला. कामाचा मुद्दा असा की मॉडेलवरचा 1 मिमी म्हणजे खऱ्या गाडीवरचे 35 मिमी. हलचं पुढचं चिलखत 45 मिमी, म्हणजे मॉडेलवर 1.3 मिमी. तोफेच्या नळीचं भोक 85 मिमी, म्हणजे 2.4 मिमी. ट्रॅकची रुंदी 500 मिमी, म्हणजे 14.3 मिमी. पाव मिलिमीटरची फट राहिली तर खऱ्या गाडीवर ती जवळजवळ 9 मिमीची झाली. कुठली फट भरायची आणि कुठली सोडायची, हे या हिशेबाने पटकन कळतं.

हत्यारं मोजकी लागतात, पण चांगली लागतात. एका बाजूने सपाट असलेला बारीक निपर (कापायची पकड), टोकदार ब्लेडचा चाकू, 400, 600 आणि 1000 नंबरचे वॉटर पेपर, दोन चिमटे, 0.3 ते 1 मिमीच्या ड्रिलसाठी हाताने फिरवायचा पिन व्हाइस, मास्किंग टेप आणि कटिंग मॅट. चिकटवायला तीन गोष्टी: पाण्यासारखं पातळ प्लास्टिक सिमेंट, थोडं दाट सिमेंट आणि सुपरग्लू. सिमेंट प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे ते फक्त प्लास्टिकला प्लास्टिक जोडतं, तेही रंग नसलेल्या जागी. पितळी भाग आणि तारांसाठी सुपरग्लू. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि कॉम्प्रेसरचा खर्च किटच्या कित्येक पट होतो. पहिल्या मॉडेलला तो करायलाच हवा असं नाही. एकाच रंगाचा रणगाडा स्प्रे कॅनने, किंवा रुंद मऊ ब्रशने तीन-चार पातळ हात देऊनही नीट रंगतो. वाफा रोखणारा मास्क मात्र पहिल्या दिवसापासून हवा. कापडी मास्क लॅकरच्या वाफा अडवत नाही.

जानेवारीत खोका उघडला. सगळ्यात आधी पुस्तिकेतल्या नकाशाप्रमाणे एकेक स्प्रू (भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) तपासून घ्यायचा, आणि तोवर निपर हातात घ्यायचा नाही. कारण कंपनीकडे भाग मागायचा तर तो स्प्रूला लागलेला असतानाचा फोटो सगळ्यात उपयोगी पडतो. इथे कमांडरच्या कपोल्याची (टरेटवरच्या छोट्या बुरुजाची) एक कड अर्धवट निघाली होती. साच्यात प्लास्टिक पूर्ण भरलं नाही की असं होतं. लगेच कंपनीच्या ग्राहकसेवेचा अर्ज भरला. त्यात किटचा क्रमांक, स्प्रूचं अक्षर, भागाचा क्रमांक, दोषाचा फोटो, खोक्यावरच्या बारकोडचा फोटो आणि खरेदीची पावती मागतात. पुस्तिकेतल्या पायरीचा क्रमांक वेगळा आणि भागाचा क्रमांक वेगळा. अर्जात स्प्रूवर उमटलेला क्रमांक लिहायचा. सुटा भाग सहसा पाठवत नाहीत, अख्खा स्प्रू येतो. काही कंपन्या तो फुकट देतात, काही स्प्रूची किंमत आणि टपालखर्च घेतात. पोचपावतीचा ईमेल दोन-तीन दिवसांत आला, त्यानंतर बरेच दिवस काहीच हालचाल नव्हती. अशा वेळी चौकशीचा ईमेल पाठवायचा तो त्याच ईमेलला उत्तर म्हणून. नवा ईमेल लिहिला की तक्रारीला नवा क्रमांक पडतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कपोला टरेटवर अगदी शेवटी बसतो, त्यामुळे बाकीचं काम अडलं नाही.

स्प्रू कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुतले आणि रात्रभर वाळवले. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे रंग सोलपटतो.

भाग कापताना निपर दोनदा चालवायचा. पहिला काप भागापासून थोडा दूर, दुसरा भागाच्या जवळ, उरलेला ठिपका ब्लेडने, मग 600 चा पेपर. एकाच फटक्यात जवळून कापलं तर प्लास्टिकवर ताण येऊन ते पांढरं पडतं आणि कधी भागाचाच टवका निघतो. साच्याची रेघ ब्लेड उभं धरून खरवडली की निघते. साच्यातून भाग ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे फक्त दिसणाऱ्या जागीच भरायचे. हलच्या पोटात कुणी बघत नाही.

खालच्या हलपासून सुरुवात. टी-34 चं सस्पेन्शन ख्रिस्टी पद्धतीचं असतं, म्हणजे प्रत्येक चाक एका झुलत्या आर्मवर. मॉडेलमध्ये हे दहाही आर्म एका पातळीत बसले पाहिजेत, नाहीतर एखादं चाक हवेत राहतं आणि रणगाड्याचं वजनच गेल्यासारखं दिसतं. दाट सिमेंट लावून आर्म बसवायचे, ते ओलं असतानाच चाकं नुसती अडकवायची, हल सपाट काचेवर ठेवायचा, वर एखादं जड पुस्तक ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची. जिथे पट्टी सहज सरकते तिथला आर्म वर राहिला आहे. इथे एक तसा निघाला. सांध्यावर पातळ सिमेंट दोनदा फिरवलं, पाचेक मिनिटांत प्लास्टिक मऊ झालं, आर्म खाली दाबून पुन्हा काचेवर ठेवला. सिमेंटचा सांधा पहिल्या दोन दिवसांत असा उघडता येतो. पूर्ण मुरल्यावर करवतच लागते.

चाकांचं काम कंटाळवाणं आहे. दहा चाकं, प्रत्येकाच्या दोन तबकड्या, आणि प्रत्येक रबरी धावेवर साच्याची रेघ. चाक काडीवर घट्ट बसवून वॉटर पेपरच्या घडीत फिरवलं की रेघ गोलाई न बिघडता निघते. चाकं अजून चिकटवायची नाहीत.

हलचा वरचा भाग बसवण्याआधी कोरडी जुळवणी दोन-तीनदा करून बघावी. पुढच्या टोकाला, जिथे वरची आणि खालची तिरपी पाटी मिळतात, तिथे केसाएवढी फट राहते. इथे फट भरून गुळगुळीत करणं चूक ठरतं, कारण खऱ्या गाडीवर त्या ठिकाणी वेल्डिंगची जाड रेघ असते. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर धरून हळूच ताणला की प्लास्टिकचा धागा निघतो. तो फटीवर ठेवायचा, वरून पातळ सिमेंट फिरवायचं, प्लास्टिक लोण्यासारखं मऊ झालं की ब्लेडच्या टोकाने जवळजवळ आडवे ठसे द्यायचे. वेल्डिंग तयार. उलट इंजिनावरच्या झाकणाच्या कडा तशाच रेखीव सोडायच्या, कारण ते झाकण उघडतं.

टरेटला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि प्रत्येकाने द्यावा असं वाटतं. टी-34/85 चा टरेट ओतीव पोलादाचा, त्याचा पृष्ठभाग खडबडीत. बहुतेक किटमध्ये तो जरा जास्तच गुळगुळीत दिसतो. मिस्टर सर्फेसर 500 सारखं दाट प्रायमर (रंगाआधीचा थर), किंवा पातळ सिमेंटमध्ये सैल केलेली पुट्टी, जुन्या आखूड केसांच्या ब्रशने ठोकत-ठोकत लावायची. एका वेळी तळहाताएवढ्या भागातही नाही, दोन बोटांएवढ्या जागेतच काम करायचं, कारण ती मिनिटाभरात सुकायला लागते. पूर्ण वाळल्यावर 400 च्या पेपरने नुसता वरवर हात फिरवायचा. उंचवटे बोथट होतात, खळगे राहतात, आणि ओतकामासारखा पोत येतो. बोटाला जाणवला पण हातभर अंतरावरून डोळ्यात भरला नाही, एवढाच हवा. टरेटच्या वरच्या-खालच्या भागांमधली जोडरेघ पार पुसायची नसते, खऱ्या टरेटवरही ओतकामाच्या साच्याची रेघ दिसते. फक्त फट राहता कामा नये.

तोफेची नळी दोन अर्धुकांची होती. सिमेंट थोडं जास्त लावून दाबली की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. तीच फट भरते, वेगळी पुट्टी लागत नाही. पूर्ण 24 तास थांबायचं. आधी घासलं तर आतलं मऊ प्लास्टिक नंतर आकसतं आणि रंगाखालून रेघ पुन्हा वर येते. घासताना पेपरची अरुंद पट्टी नळीभोवती आडवी, बूट पुसल्यासारखी ओढायची. लांबीच्या दिशेने घासली तर नळी दोन बाजूंनी चपटी होते, आणि हे रंग दिल्यावरच दिसतं. तोंडाचं भोक मधोमध सुईने खूण करून आधी 1 मिमी, मग वाढवत 2.4 मिमीपर्यंत नेलं.

मागच्या डेकवरची (इंजिनावरच्या छतावरची) जाळी पितळी पत्र्याची होती. पितळ क्षणभर आचेवर धरून गार केलं की नरम होतं आणि हवं तसं वाकतं. सुपरग्लू थेट बाटलीतून लावला तर जाळीची भोकं बुजतात, सुईच्या टोकावर घेऊन फक्त चौकटीला लावायचा. हलच्या बाजूंची हँडलं प्लास्टिकची आणि नाजूक. त्यातली दोन स्प्रूवरून सोडवतानाच तुटली. ती 0.5 मिमीच्या तांब्याच्या तारेची करून घेतली. तुटलेल्या भागाचंच माप घेऊन चपट्या पकडीच्या जबड्याभोवती तार वाकवायची. एक तारेचं आणि एक प्लास्टिकचं असं मिसळू नये. जाडीतला फरक लगेच कळतो, म्हणून सगळीच बदलली.

मार्चच्या मध्याला कपोल्याचा स्प्रू टपालाने आला. भाग पूर्ण होता. त्याच्या जोडीला आलेले बाकीचे भाग नीट नाव लिहून पिशवीत ठेवले, पुढे कामाला आले.

आता ट्रॅक. बहुतेक लोक किट इथेच सोडून देतात. रबराची एकसंध पट्टी असेल तर काम सोपं, पण ती ताठ राहते. सुट्या कड्यांचा ट्रॅक नैसर्गिक झोळ घेतो, आणि टी-34 ला तो झोळच शोभा देतो. खऱ्या गाडीला एका बाजूला 72 कड्या: 36 मध्ये दात, 36 सपाट, एकाआड एक. वरचा ट्रॅक थेट चाकांवर टेकतो आणि मधल्या जागी खाली उतरतो. ड्राइव्ह व्हील (इंजिनाने फिरणारं, ट्रॅक ओढणारं चाक) मागे असतं आणि त्याला बाहेरून दाते नसतात. त्याच्या आतले सहा रोलर ट्रॅकच्या दातांना ढकलतात.

पद्धत अशी. टेबलावर पोलादी पट्टी ठेवून तिच्या कडेला कड्या ओळीने लावायच्या, दाताची आणि सपाट अशा आलटून-पालटून. खाली मास्किंग टेप उलटा, म्हणजे त्या हलत नाहीत. मग सावकाश सुकणारं दाट सिमेंट प्रत्येक सांध्याला अगदी थोडं. अर्ध्या-पाऊण तासाने सांधे धरतात पण वाकतात. हीच ती वेळ. पट्टी उचलून आधी ड्राइव्ह व्हीलवर गुंडाळायची, दात रोलरांच्या मध्ये नीट बसले का ते बघायचं, मग पुढे आयडलरकडे (ट्रॅक ताणून धरणाऱ्या पुढच्या चाकाकडे) जायचं. पुढून सुरुवात केली तर मागे येईपर्यंत दात आणि रोलर चुकतात. वरच्या बाजूला चाकांच्या मधल्या जागी स्पंजचे तुकडे खोचून ट्रॅक खाली दाबून ठेवायचा आणि रात्रभर सोडायचा. एक सांधा, खालच्या बाजूचा, मुद्दाम न चिकटवता ठेवायचा. त्यामुळे चाकांसकट ट्रॅक बाहेर काढून वेगळा रंगवता येतो.

डाव्या बाजूची शेवटची कडी जुळेना. चारेक मिलिमीटर कमी पडत होते, म्हणजे 72 व्या कडीला जागा उरत होती पण तिच्या पुढचा सांधा पोचत नव्हता. कारण साधं आहे. खऱ्या कडीची लांबी 172 मिमी, 1/35 मध्ये 4.9 मिमी. कडी साच्यात 0.05 मिमीने जरी आखूड निघाली, तरी 72 कड्यांत 3.6 मिमी कमी पडतात. उपायही खऱ्या गाडीतलाच आहे. टी-34 मध्ये ट्रॅकचा ताण पुढचा आयडलर क्रँकवर फिरवून बदलतात. मॉडेलमधला आयडलरचा आर्म अजून चिकटवलेला नव्हता, तो थोडा मागे फिरवला आणि सांधा मिळाला. म्हणून पुस्तिका काहीही सांगो, आयडलर ट्रॅक बसेपर्यंत चिकटवू नये. कड्या जास्त झाल्या तर एक काढायला हरकत नाही. ट्रॅक झिजून लांबला की खरे चालकही एखादी कडी काढतच.

ट्रॅक आणि चाकं वेगळी, टरेट वेगळा, हल वेगळा, बाहेरच्या इंधनटाक्या आणि हत्यारं वेगळी: या अवस्थेत सगळं पुन्हा धुतलं. हाताळताना लागलेलं बोटांचं तेल प्रायमरला नकोसं असतं.

प्रायमर राखाडी. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. गरम पाणी किंवा आच कधीही नाही. अंतर 20 सेंटिमीटर, सुरुवात आणि शेवट मॉडेलच्या बाहेर. पहिला हात दिल्यावर टरेटच्या मागच्या बाजूला वाळूसारखे कण दिसले. अंतर वाढलं किंवा हवा फार कोरडी, गरम असली की थेंब हवेतच सुकतात आणि भुकटीसारखे येऊन बसतात. 1500 च्या ओल्या पेपरने ते उतरवून त्या जागी पुन्हा हात दिला. प्रायमरचा खरा उपयोग इथेच दिसतो: फटी, ओरखडे, राहिलेल्या रेघा सगळ्या उघड्या पडतात. नळीवर एक बारीक खाच सापडली, ती भरून पुन्हा प्रायमर. रंगाच्या खालचं काम दुरुस्त करायची ही शेवटची स्वस्त संधी.

मूळ रंग 4बीओ नावाचा सोव्हिएत हिरवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत तो वेगवेगळा दिसतो, कुठे पिवळसर, कुठे गडद. त्यावर वाद घालण्यापेक्षा एक लक्षात ठेवावं: वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि धुळीच्या थरांनी रंग गडद आणि मळकट होतो, म्हणून सुरुवातीची छटा थोडी उजळ घ्यावी. ॲक्रिलिक रंग आणि त्याचंच थिनर साधारण निम्मं-निम्मं, दुधासारखं पातळ, एअरब्रशच्या 0.3 मिमीच्या नोझलमधून 15 ते 20 पीएसआय दाबाने. खाचा आणि खालच्या बाजूंना आधी गडद हिरवा, मग मुख्य रंग, शेवटी त्यात थोडा पिवळसर रंग मिसळून प्रत्येक पाटीच्या मधोमध हलका फवारा. नुसता पांढरा मिसळला तर हिरवा खडूसारखा दिसतो.

इथून पुढे सगळी मदार एका गोष्टीवर: कुठलं थिनर कुठला थर विरघळवतं. ॲक्रिलिक रंगावर इनॅमलचा वॉश दिला तर तो व्हाइट स्पिरिटने पुसता येतो आणि वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लागत नाही. इनॅमलवर इनॅमल दिला तर पुसताना खालचाही निघतो. लॅकरचं थिनर सगळंच खातं. म्हणून रंगावर ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निशचे दोन पातळ हात दिले आणि दोन दिवस थांबलो. हा थर म्हणजे पुढच्या सगळ्या प्रयोगांना तळ. वर काहीही फसलं तर इथपर्यंत पुसून परत यायचं.

ग्लॉस दुसऱ्याही कारणाने लागतो. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डीकलच्या खाली हवा अडकते आणि कडेला चांदीसारखी चकाकी येते. सेटिंग सोल्यूशनने डीकल मऊ होऊन पृष्ठभागाला चिकटतं. टरेटच्या खडबडीत पोतावर तरीही दोन जागी चांदी आली. सुईच्या टोकाने पाच-सहा बारीक भोकं पाडून पुन्हा सोल्यूशन लावलं, दुसऱ्या दिवशी ती बसली. उजव्या बाजूच्या आकड्यातला एक अंक मात्र पाण्यातच तीन तुकड्यांत तुटला. जुन्या डीकलचा थर ठिसूळ होतो. किट जुनं असेल तर आधी कागदावरच्या न वापरायच्या एखाद्या खुणेची चाचणी घ्यावी, तुटली तर सगळ्या कागदावर ग्लॉस वॉर्निशचा एक हात मारून घ्यावा. हरवलेला अंक बारीक ब्रशने मळकट पांढऱ्या रंगात रंगवला. सोव्हिएत गाड्यांवरचे आकडे हातानेच, ब्रशने रंगवलेले असत, त्यामुळे थोडी वाकडी कड उलट खरी वाटते.

डीकलवर पुन्हा ग्लॉस, मग गडद तपकिरी इनॅमलचा वॉश. सगळ्या गाडीवर ओतायचा नाही. टोकदार ब्रशने फक्त बोल्ट, वेल्डिंग, झाकणांच्या कडा इथे थेंब सोडायचा, तो आपोआप खाचेत पळतो. वीस-पंचवीस मिनिटांनी व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओलसर केलेला ब्रश वरून खाली ओढायचा, पावसाचं पाणी जसं उतरतं तसा. हल झाला, सुंदर दिसला. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूचा दुसरा आर्म सांध्यात तडकलेला होता. हे रणगाड्यांत बऱ्याचदा होतं. पॉलिस्टायरीनवर (किटच्या प्लास्टिकवर) ताण असेल आणि त्यावर इनॅमलचं थिनर साचलं, तर ते बारीक भेगांत शिरून प्लास्टिक ठिसूळ करतं. हलच्या आतली बाजू रंगवलेली नसते, तिथे तर थेट शिरतं. सस्पेन्शनच्या भागात वॉश कमीत कमी द्यावा आणि हल उलटा ठेवून सुकवावा, म्हणजे थिनर सांध्यात साचत नाही. तडकलेला आर्म मागच्या बाजूने सुपरग्लूने आणि आतून 0.5 मिमीची तार खोचून पक्का केला. चाक चढल्यावर ती जागा झाकली गेली.

उडालेल्या रंगाचे टवके आणि गंज यांत संयम लागतो. युद्धातला टी-34/85 वर्षानुवर्षं गंजत पडलेला नसे, आणि अनेक गाड्या काही महिन्यांतच निकामी होत. त्यामुळे लालभडक गंज फक्त इंजिनाच्या धुराच्या नळ्यांवर, थोडासा. टवके स्पंजच्या तुकड्याने, गडद तपकिरी रंगात, रंग आधी कागदावर टिपून. झाकणांच्या कडा, चढायच्या जागा, हँडलांच्या आसपास एवढेच पुरेत. सपाट पाटीच्या मधोमध टवका पडायला काही कारण लागतं.

ट्रॅक गडद तपकिरी, त्यावर मातीचे पिगमेंट (कोरडी रंगीत भुकटी) व्हाइट स्पिरिटमध्ये कालवून. सुकल्यावर जमिनीला टेकणारे उंचवटे बोटाने पुसून 6बी पेन्सिलच्या शिशाने घासले, पोलाद झिजून चमकतं तसं होतं. दातांच्या टोकांनाही तेच. खालच्या हलवरची माती तीन छटांत: जुनी सुकलेली फिकट आणि वर, ओली गडद आणि खाली, चाकांजवळ. चाकांच्या बसक्या जागेत थोडं ग्लॉस मिसळलं की ओल दिसते.

मग सगळं एकत्र. ट्रॅक चाकांसकट चढवला, सोडलेला सांधा खाली बंद केला. गाडी ओढायच्या केबलसाठी किटमधला दोरा लव सुटणारा होता. त्याऐवजी तांब्याची पिळलेली तार, साधारण 0.7 मिमी, दोन्ही टोकांना किटमधली कडी. अँटेना ताणलेल्या स्प्रूचा. झिस-एस-53 तोफेच्या टी-34/85 मध्ये रेडिओ टरेटमध्ये असतो, म्हणून अँटेना टरेटच्या छतावर डाव्या बाजूला येतो, हलवर नाही. इंधनाच्या बाहेरच्या टाक्या, 90 लिटरच्या, पट्ट्यांसकट शेवटी. त्यांच्या झाकणांजवळ सांडलेल्या इंधनाचे दोन ओघळ, ग्लॉसमध्ये तपकिरी मिसळून.

मॅट वॉर्निशचा शेवटचा हात जूनमध्ये, दमट हवेत दिला, आणि इंजिनच्या डेकवर पांढरट धुकं बसलं. ओलाव्यात मॅट वॉर्निश असं करतं. घासायचं नाही. त्यावर ग्लॉसचा पातळ हात दिला की धुकं विरतं. मग कोरड्या हवेचा दिवस बघून पुन्हा मॅट, दोन पातळ हात, मध्ये तासाभराची विश्रांती. पिगमेंटवर वॉर्निश पडला तर ते गडद होतात आणि निम्मे दिसेनासे होतात. म्हणून ट्रॅक झाकून घेतले आणि फिकट धूळ सगळ्यात शेवटी पुन्हा ब्रशने टिपली.

हेडलाइटची काच पांढऱ्या गोंदाच्या थेंबाने बसवली. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं. हल तळाशी दोन स्क्रूंनी लाकडी पाट्यावर पक्का केला, म्हणजे उचलताना नाजूक भागांना हात लागत नाही, आणि वर ॲक्रिलिकचं झाकण. वर झाकण नसेल तर धूळ मऊ, रुंद मेकअप ब्रशने वरून खाली झटकायची. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, अँटेना आणि केबलची कडी पहिल्या फुंकरीलाच उडते.